पाकिटाला कात्री लावू नका

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत जुनी टपाल तिकिटं आणि पाकिटं सापडली, त्यांची किंमत किती येईल, आणि तिकिटं पाकिटांवरून कापून अल्बममध्ये लावली तर चालेल का. किमतीकडे मी येतेच, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. अजिबात नाही. कापायचं नाही, पाण्यात भिजवायचं नाही, वाफेवर धरून सोडवायचंही नाही. ट्रंकेत जसं आहे तसंच राहू द्या.

इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात हे झालंय.

माझे थोरले काका फौजेत होते. १९५३ साली कोरियातली लढाई थांबली आणि मायदेशी परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्यावर देखरेख ठेवायला भारताने आपलं सैन्य तिथे पाठवलं. त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचेच. काका त्यात गेले आणि तिथून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आजीला पत्रं लिहीत राहिले. या सैन्यासाठी टपाल खात्याने नवीन चित्रांची तिकिटं काढली नव्हती. १९४९ ची जी पुरातत्त्व मालिका रोजच्या वापरात होती, तिच्याचवर काळ्या शाईत 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असं देवनागरीत छापून दिलं होतं. हे छापील शब्द असलेलं तिकीट दिसलं की संग्राहक माणूस थबकतो.

काकांच्या मोठ्या मुलाला, आमच्या दादाला, शाळेत असताना तिकिटं जमवायचा नाद लागला. आजीच्या कपाटातला पत्रांचा गठ्ठा त्याने काढला, आतली पत्रं तेवढी आजीने हिसकावून घेतली, आणि पाकिटांचे कोपरे कापून बशीतल्या पाण्यात पडले. सुटलेली तिकिटं त्याने पाठीला डिंक फासून वहीत चिकटवली. उरलेली पाकिटं बंबात गेली.

एक वाचलं, कारण ते आजीने पोथीत खुणेला ठेवलं होतं. ते आता माझ्याकडे आहे. हलकं तपकिरी पाकीट, कडा मऊ पडलेल्या. पत्ता काकांच्या हातचा, जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला. ओल लागली तिथे जांभळा रंग फुटलाय. उजव्या कोपऱ्यात दोन आण्यांचं लाल नटराजाचं तिकीट, त्याच्यावर ते काळे शब्द, आणि त्या दोन्हींवर अर्धा तिकिटावर अर्धा कागदावर बसलेला फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, गोल शिक्का. पाकीट उलटं केलं की मागे आमच्या गावच्या पोस्टाचा, पत्र पोचल्या तारखेचा शिक्का. कोरियातल्या छावणीतून सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापर्यंतचा सगळा प्रवास त्या एका कागदावर आहे. कोपरा कापला असता तर फील्ड पोस्टाचा अर्धा शिक्का गेला असता, तारीख गेली असती, पत्ता गेला असता, मागचा शिक्का गेला असता. उरलं असतं एक वापरलेलं नटराजाचं तिकीट.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादा ती वही घेऊन मुंबईत एका व्यापाऱ्याकडे गेला, मी सोबत होते. त्याने भिंग लावून दोन पानं पाहिली, डिंक पाहिला आणि वही मिटली. "पाकिटं कुठायत?" एवढंच विचारलं. मग मी माझं दाखवलं, तर त्याने त्या एकाला अख्ख्या वहीच्या कितीतरी पट रक्कम सांगितली. मी दिलं नाही, तो भाग वेगळा. ही कोरियाची कोरी तिकिटं पुष्कळांकडे आहेत. संग्राहकांनी मुद्दाम शिक्के मारून घेतलेली पाकिटंही बाजारात येतात. पण खऱ्या शिपायाने खरोखर घरी पाठवलेलं पत्र लोकांनी टाकून दिलेलं असतं, म्हणून त्याला मागणी आहे.

दादा अजूनही ऐकत नाही. घरात कार्य असलं आणि विषय निघाला की म्हणतो, "तिकीट म्हणजे माल, पाकीट म्हणजे रद्दी. अल्बममध्ये कुणी पाकीट लावतं का?" लावतात. महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात जाऊन बघा. टपाल इतिहास हा तिथला स्वतंत्र विभाग असतो, आणि त्यात फ्रेमच्या फ्रेमा नुसत्या पाकिटांनी भरलेल्या असतात: कुठून निघालं, कोणत्या मार्गाने गेलं, किती दर लागला, कुणी सेन्सॉर केलं. तिथे सुट्या तिकिटाला कुणी विचारत नाही.

आता तुमचा किमतीचा प्रश्न. जुनं म्हणजे महाग, हा समज डोक्यातून काढून टाका. पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची आणे-दोन आण्यांची वापरलेली सुटी तिकिटं बहुतेक ट्रंकांत निघतात आणि त्यांना जवळपास काही किंमत नसते. १९२६ पासून आपल्या नाशिकच्याच प्रेसमध्ये ती अफाट संख्येने छापली गेली. लहानपणी दुकानात मिळणारी पाकिटबंद परदेशी तिकिटं, म्हणजे हंगेरीची मग्यार पोस्टा, आखातातली अजमान, फुजैरा वगैरे, मुलांना खेळायला द्या. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लागायचं. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' छापलेलं ते तिकीटही घरोघर सापडतं. ते साधं असेल तर सोडून द्या. मात्र काही गावांनी सुरुवातीला स्थानिक रबरी शिक्के मारून काम भागवलं होतं, तसं पाकिटावर असेल तर जपून ठेवा.

गांधीजींच्या १० रुपयांच्या तिकिटाची बातमी तुम्हीही वाचली असेल. २०१७ मध्ये त्याची चार तिकिटांची पट्टी ५ लाख पौंडांना विकली गेली. पण ती तिकिटं 'सर्व्हिस' असं वर छापलेली होती, आणि तशी गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी १०० च काढली होती. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेलं साधं १० रुपयांचं तिकीट वेगळं. त्यालाही चांगली किंमत आहे, पण त्याच्या नकला फार. स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं खरं तिकीट एकदा जाणकाराकडे भिंगातून बघून घ्या, मगच आपल्याकडच्या तिकिटाबद्दल आशा धरा. ऑनलाइन कुणी तरी एक आण्याच्या तिकिटाचे लाख रुपये मागतोय म्हणून ते लाखाचं होत नाही. मागितलेली आणि मिळालेली किंमत यांत फरक आहे. स्टॅन्ले गिबन्स या इंग्लंडमधल्या तिकीट व्यापारी कंपनीच्या कॅटलॉगचंही तेच. त्यातला आकडा विकणाऱ्याच्या दुकानातला असतो. तुमच्याकडून घेणारा त्याचा थोडासाच भाग देतो.

मग ट्रंकेत बघायचं काय? पाकिटं. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, सेन्सॉरची पट्टी (पत्र उघडून तपासल्यावर पाकिटावर चिकटवलेली), संस्थानांचं टपाल. भोर संस्थानाने १८७९ आणि १९०१ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, मराठवाड्यातल्या घरांत निजामाची निघतात, गोव्यात पोर्तुगीज इंडियाची, आणि तिथली १९६१ च्या डिसेंबरच्या आसपासची पाकिटं तर नक्की दाखवून घ्या. संस्थानांचे कोर्ट फी आणि रेव्हेन्यूचे स्टॅम्प टपालाचे नसतात, पण त्यांचेही संग्राहक आहेत, तेव्हा जुन्या दस्तावरून तेही सोलू नका. शिक्क्यातलं गाव आणि तारीख स्पष्ट वाचता आली तर उत्तम. कडेचे दात तुटलेलं, मागून कागद सोललेलं, दमटपणाने तपकिरी ठिपके पडलेलं तिकीट कितीही दुर्मीळ असलं तरी भाव पडतोच. हात न लावता चिमट्याने उचला. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर विचारातही आणू नका. लॅमिनेट केलेलं पाकीट कुणी घेत नाही.

एक गोष्ट उशिरा सांगतेय, पण सांगायला हवी. प्रत्येक पाकीट मौल्यवान नसतं. १९७०-८० नंतरची फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेली खास पाकिटं, ढिगाने आहेत, बँकेची आणि कंपन्यांची छापील पाकिटं बहुतेक किरकोळच. अशांवरची तिकिटं वेगळी करायची तर करा, पण ओळखणाऱ्या माणसाने बघितल्यावर. जीपीओतला फिलाटेली ब्युरो नवीन तिकिटं विकतो, जुनी विकत घेत नाही, पण शहरातल्या संग्राहकांच्या मंडळाचा पत्ता तिथे विचारता येतो. व्यापाऱ्याकडे जाण्याआधी अशा मंडळात जा, कारण तिथल्या माणसाला तुमच्याकडून काही विकत घ्यायचंच असतं असं नाही. आणि पाकिटात पत्र असेल तर ते आधी घरातल्यांनी वाचा, मग विकायचं की नाही ते ठरवा.

तोवर पाकिटांचे फोटो इथे टाका. पुढची बाजूही आणि मागचीही. मागचा शिक्का वाचता आला पाहिजे.