मूड बदलतो म्हणजे बायपोलर का?

तरुण मंडळी हल्ली मनःस्थिती सांगायला इंग्रजी शब्द वापरतात, आणि त्यातले निम्मे आजारांचे असतात. सव्विशीतली एक मुलगी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) स्वतःच निदान करून माझ्याकडे आली. "मॅडम, मला बायपोलर आहे. सकाळी मूड मस्त, दुपारी एकदम डिप्रेस्ड, रात्री पुन्हा ठीक. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील का?"

असा दिवसात दोनदा पालटणारा मूड म्हणजे मूड स्विंग. बायपोलर हा मनःस्थितीच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार, आणि त्यातला चढ तासाभरात ओसरत नाही. मेनियाचं, म्हणजे तीव्र चढाचं, निदान करताना तो सहसा किमान 7 दिवस आणि सौम्य हायपोमेनियात 4 दिवस टिकलेला असावा लागतो. त्या काळात माणूस जेमतेम झोपूनही ताजातवाना असतो, बोलणं आवरत नाही, पैसे उधळतो. तिच्यात यातलं काहीच नव्हतं.

राहिलं डिप्रेस्ड. नैराश्यात किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, मन खिन्न असतं किंवा कशातच रस वाटत नाही. शिवाय झोप, भूक, एकाग्रता बिघडते. हिची झोप चांगली, मैत्रिणींत हसणं-खिदळणं चालू. मी म्हटलं, "आठवडाभर डिप्रेस्ड हा शब्द बंद. दुपारी नेमकं काय होतं ते लिहा."

वहीत निघालं भलतंच. दुपारी टीमची मीटिंग. त्याआधी छातीत धडधड, तळहातांना घाम, म्हणजे नर्व्हस. (ही अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे चिंतेचा आजार, नव्हे. त्याच्या जनरलाइज्ड प्रकारात अनेक गोष्टींची काळजी 6 महिने पाठ सोडत नाही.) मीटिंगमध्ये बॉस तिचं बोलणं तोडायचे. त्यापुढे तिने 'अपसेट' लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं, तो चक्क राग होता. पण रागावणं तिला शोभत नाही असं वाटायचं, अपसेट जरा सभ्य! उदासीवरचे उपाय बाजूला ठेवून आम्ही मग "माझं वाक्य पूर्ण करू द्या" हे शांतपणे म्हणण्याचा सराव केला.

उलटंही घडतं. "नुसता स्ट्रेस आहे हो," म्हणणाऱ्या एका गृहस्थांना रजा घेऊनही पहाटे तीनला जाग येत होती, आवडतं गाणंही नकोसं झालं होतं. ओझं उतरलं की ताण बहुधा सैलावतो. यांचं मन सैलावत नव्हतं. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आणि मरणाचे विचार येत असतील तर 2 आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.