पक्षी ओळखता येतात, पण गणिताची भीती वाटते

प्रश्न : साताऱ्यात बी.एस्सी. झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीडशे-दोनशे पक्षी सहज ओळखते, कासला नेहमी जाते. जैवविविधतेत होणारे बदल मोजण्याच्या कामात जायचं आहे. पण गणित सुटावं म्हणूनच बायोलॉजी घेतलं होतं. बाबा कॅमेऱ्यासाठी साठ हजार द्यायला तयार आहेत, पण ‘यात पोट भरतं का?’ असंही विचारतात.

उत्तर : कॅमेरा तूर्त राहू दे. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) बरी दुर्बीण आणि साधा लॅपटॉप एवढ्यावर काम सुरू होतं.

पक्षी ओळखता येणं ही या क्षेत्रातली पहिली पायरी, पण काम मिळतं ते ‘जे दिसलं नाही त्याचं काय?’ याचं उत्तर देता येणाऱ्याला. समज, एखादा पक्षी सड्यावर (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर) आहेच, पण एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ४० टक्के. एकदाच गेलीस तर दहापैकी सहा वेळा ‘नाही’ लिहून परत येशील. चार फेऱ्या केल्यास चारही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे ०.१३. उरलेल्या ८७ टक्के वेळा तो निदान एकदा दिसतो. आता २०१०मध्ये कोणी एक फेरी केली आणि २०२५मध्ये तू चार केल्यास, तर काहीही न बदलता ‘पक्षी वाढले’ असा निष्कर्ष निघेल. ही चूक टाळण्यासाठी ऑक्युपन्सी मॉडेल (पक्षी असूनही न दिसण्याची शक्यता हिशेबात धरणारी गणिती पद्धत) वापरतात, आणि त्याच्या मुळाशी हाच गुणाकार आहे. याची भीती वाटत असेल तर गणिताची नाही, गणिताच्या तासाची वाटते आहे.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स २०२३’ या अहवालात ९४२ प्रजाती तपासल्या, नोंदी जवळपास तीन कोटी. तरी दीर्घकालीन कल सांगता आला फक्त ३३८ प्रजातींचा, कारण बाकीच्यांच्या पुरेशा नोंदीच नव्हत्या. या ३३८पैकी ६० टक्के घटताना दिसल्या. म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ती पूर्ण टाक : किमान पंधरा मिनिटं, ओळखलेला प्रत्येक पक्षी, आणि ‘एक्स’ऐवजी (‘दिसला, पण मोजला नाही’ या खुणेऐवजी) आकडा. कावळे-साळुंक्या वगळून फक्त ‘भारी’ पक्ष्यांची यादी केली, तर नसलेला पक्षी खरंच नव्हता की लिहिला नाही, हे पुढे कोणालाच कळत नाही.

दुसरी सवय जागेच्या नोंदीची. कासचे अक्षांश-रेखांश साधारण १७ अंश ४३ मिनिटं, ७३ अंश ४९ मिनिटं. दशांशात ते होतात १७.७१७ आणि ७३.८१७. घाईत कोणी १७.४३, ७३.४९ असं टाइप केलं, की बाराशे मीटरवरचं सड्यावरचं फूल थेट कोकणात, चिपळूणच्या आसपास उतरतं. अशा नोंदींवरून ते फूल कुठे कुठे असू शकेल याचा अंदाज बांधणारं संगणकाचं मॉडेल तक्रार करत नाही. ते कोकणातला पाऊस आणि तापमान त्या फुलाच्या नावावर लावून सुबक नकाशा काढून देतं! म्हणून विश्लेषणाआधी सगळे बिंदू क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टाकून एकेक डोळ्यांखालून घालायचा.

असे अंदाज बांधणाऱ्या मॅक्सएंटसारख्या मॉडेलमध्ये आणखी एक खोच आहे. आपल्या नोंदी रस्त्याकडेच्या असतात, त्याही शनिवार-रविवारच्या. मग मॉडेलच्या मते त्या फुलाला डांबरी रस्ताच आवडतो. शिवाय वर्ल्डक्लिम या जागतिक माहितीसाठ्यातले हवामानाचे १९ घटक फुकट मिळतात म्हणून पंचवीस नोंदींवर सगळेच लादले जातात. त्यातले बरेचसे एकमेकांशी बांधलेले असतात. चार-पाच निवड, आणि तेच का, हे सांगता आलं पाहिजे.

शिकायचं काय? संभाव्यता, लॉगॅरिदम, रिग्रेशन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते, हे मोजणं) आणि ‘आर’ ही संगणकभाषा. कोर्सपेक्षा स्वतःच्याच याद्या घेऊन शीक : आधी तक्ता स्वच्छ करणं (एकाच पक्ष्याची तीन स्पेलिंगं निघतातच), मग आलेख, मग ‘अनमार्क्‌ड’ पॅकेज, म्हणजे ऑक्युपन्सी मॉडेलसाठीची ‘आर’मधली तयार साधनं. मशीन लर्निंग नंतर.

एम.एस्सी.साठी डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बेंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधता विभाग पाहा. अशा अभ्यासक्रमांत जागा मोजक्या असतात आणि काही ठिकाणी प्रवेश दरवर्षी नसतो. जाहिरातीवर आत्तापासून लक्ष ठेव.

बाबांसाठी : नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) २०२३पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. प्रकल्पातल्या इतर जागांना कमी मिळतं आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. पर्यावरणीय परिणाम अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत काम लवकर मिळतं. मात्र तिथे एकाच ऋतूच्या पाहणीवर अहवाल उरकण्याचा दबाव असू शकतो. मुलाखतीतच विचार, पाहणी किती ऋतूंची आणि फेऱ्या किती. आर आणि जीआयएस (संगणकावर नकाशांचं विश्लेषण) पक्कं असेल तर डेटाच्या इतर नोकऱ्याही खुल्या राहतात.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कोयना अभयारण्य मनात असेल, तर वनविभागाच्या परवानगीत महिने जातात आणि हंगाम निघून जातो. त्यापेक्षा गावाजवळचं गायरान किंवा माळ घे. वीस बिंदू, एकमेकांपासून निदान अडीचशे मीटर, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा धोका कमी. प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटं, चार फेऱ्या, सगळ्या सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. वीस बिंदू एका सकाळी होणार नाहीत, तीन सकाळी धर. दर फेरीला बिंदूंचा क्रम उलटा कर, नाहीतर शेवटच्या बिंदूंवर कायम उन्हंच असतील आणि पक्षी गप्प.