बडबड बंद करा, तक्रार नव्हे

म्हापशातल्या दुकानाच्या हिशेबाची बॅकअप स्क्रिप्ट चालवली की टार (फायलींचं एकच गाठोडं बांधणारी कमांड) आणि आरसिंक (फायली दुसरीकडे कॉपी करणारी) स्क्रीनभर फायलींची नावं ओततात, त्यात तुमचा ‘बॅकअप झाला’ हा मेसेज हरवतो. सगळं आउटपुट गप्प कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी कमांडमध्येच बघा. ही नावं बहुतेक वेळा आपणच दिलेल्या ‘-व्ही’मुळे (व्हर्बोज, म्हणजे सगळं सांगत चाल) छापली जातात, तो काढा. कर्ल (नेटवरून फायली आणणारी-पाठवणारी कमांड) वापरत असाल तर नुसता लहान ‘-एस’ (गप्प राहा) देऊ नका, त्याने चुकाही लपतात. जोडीला मोठा ‘एस’ द्या, म्हणजे चुका दिसतील.

तरी काही उरलं तर रीडायरेक्शन, म्हणजे आउटपुट दुसरीकडे वळवणं. कमांडमधून बाहेर पडायच्या दोन वाटा: १ साध्या आउटपुटची, २ चुकांची. ‘> /डेव्ह/नल’ फक्त पहिली बंद करतं; ही ‘नल’ म्हणजे आलेलं सगळं गिळून टाकणारी खास फाइल. दोन्ही बंद करायला ‘> /डेव्ह/नल २>&१’, आणि याच क्रमाने (टाइप अर्थात रोमन अक्षर-अंकांत). शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, डावीकडून उजवीकडे वाचतो. ‘२>&१’ आधी लिहिलंत तर त्या क्षणी १ जिथे जातेय, म्हणजे स्क्रीनवर, तिथेच २ जाते. ‘&>’ हे आखूड रूप बॅश या शेलचं. उबुंटूत २००६ पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हा दुसरा शेल; तो त्यातल्या ‘&’मुळे कमांड बॅकग्राउंडला टाकतो आणि बॅकअप संपण्याआधीच ‘झाला’ छापला जातो.

पण दुसरी वाट नलकडे वळवू नका, ही कळकळीची विनंती. फोंड्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी दोन्ही वळवल्या होत्या. जूनच्या पावसात वीज सारखी जात-येत होती, त्यात बाहेरची डिस्क रीड-ओन्ली झाली, म्हणजे तिच्यावर लिहिणंच बंद. टार रोज रात्री ओरडत होता आणि ते ओरडणं माझीच स्क्रिप्ट गिळत होती. चवथीच्या तोंडावर एक फाइल परत हवी झाली, तेव्हा शेवटचा बॅकअप जूनमधला निघाला. तिथल्या दोघी कर्मचाऱ्यांनी पावत्या काढून अडीच महिन्यांच्या नोंदी पुन्हा भरल्या. ते अजून मनाला लागतं.

आता मी १ नलकडे आणि २ एका लॉग फाइलकडे पाठवतो, कमांड ‘इफ’मध्ये ठेवतो, आणि ती फसली तर लॉग दाखवून ‘एक्झिट १’ करतो, म्हणजे स्क्रिप्ट ‘फसलो’ असं सांगून थांबते. आउटपुट फाइलकडे किंवा नलकडे वळवल्याने कमांडचा एक्झिट कोड (ती जमली की फसली हे सांगणारा आकडा) बदलत नाही, त्यामुळे ही तपासणी बिनधास्त करता येते.

आरसिंक दुसऱ्या मशीनवर एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिनने) जात असेल तर पासवर्डची विचारणा यातल्या कशानेच थांबणार नाही. ती थेट ‘/डेव्ह/टीटीवाय’वर, म्हणजे तुमच्या टर्मिनलवर येते. तिथे पासवर्डऐवजी एसएसएच की बसवा.