टॅम्पाला येताय, सिंकहोलचं काय?

नमस्कार, तुम्ही लिहिलंय की फ्लोरिडात टॅम्पाचा जॉब पक्का झालाय, वर्षभरात घरही घ्यायचंय, पण सिंकहोलमध्ये, म्हणजे जमीन खचून पडणाऱ्या खड्ड्यात, झोपलेला माणूस बेडरूमसकट गेल्याची बातमी वहिनींनी वाचली आणि आता त्या यायलाच तयार नाहीत. तर पहिलं म्हणजे ती अफवा आहे असं सांगून समजूत काढू नका, खरंय ते. २०१३ च्या फेब्रुवारीत सेफनरला झालं, टॅम्पाच्या अगदी शेजारी, त्या माणसाचा मृतदेहही काढता आला नाही आणि तोच खड्डा २०१५ ला आणि परत २०२३ ला उघडला. पण असं माणूस जाणं फार म्हणजे फारच रेअर. आम्ही ११ वर्षं पास्को काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आहोत, इथे लोकांची झोप उडवतो तो इन्शुरन्स.

आपल्याकडे कसं, बोअर मारायला घेतलं की काळा पाषाण लागतो आणि मशीनवाला रेट वाढवतो. इथे वर वाळू, मध्ये थोडी चिकणमाती आणि खाली सगळी चुनखडी, पावसाचं पाणी किंचित ॲसिडिक असतं ते हजारो वर्षं तिला विरघळवत बसलंय, म्हणून आत पोकळ्या. त्यात पाणी भरलेलं आहे तोवर वरच्या थराला आधार, पाणी उतरलं की वाळू आत घसरते. २०१० च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तेव्हा प्लांट सिटीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी पीक वाचवायला ११ दिवस जमिनीतलं पाणी उपसून शेतात फवारलं (हो, वर बर्फाचा थर जमू देऊन आतलं फळ वाचवतात), पातळी ६० फूट खाली गेली आणि शंभरावर सिंकहोल पडले. कोरड्या दिवसांनंतर एकदम धो धो पाऊस आला तरी तेच होतं.

हर्नांडो, पास्को आणि हिल्सबरो ह्या काउंट्यांच्या पट्ट्याला ‘सिंकहोल ॲली’, म्हणजे सिंकहोलची गल्लीच म्हणतात, आणि आपली बरीच मंडळी राहतात ते वेस्ली चॅपेल पास्कोतच येतं. २०१७ ला पास्कोतच लँड ओ लेक्सला दोन घरं गेली.

आता मुद्द्याचं. फ्लोरिडाच्या होम इन्शुरन्समध्ये जमीन खचण्याचं बेसिक कव्हर कायद्याने असतंच, ते बघून लोक निवांत होतात. पण त्याला चार अटी आहेत आणि चारही एकदम लागतात: जमीन अचानक खचली पाहिजे, खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे, फाउंडेशनसकट घराचं नुकसान पाहिजे आणि सरकारी खात्याने घर राहण्यालायक नाही म्हणून रिकामं करायला लावलेलं पाहिजे. म्हणजे भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली पण तुम्ही आत राहू शकताय, तर शून्य पैसे. त्यासाठी सिंकहोल लॉसचं वेगळं कव्हर जास्तीचा प्रीमियम भरून घ्यावं लागतं, कंपनी आधी इन्स्पेक्शन मागू शकते, आणि डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपल्या वाट्याला येणारी रक्कम, घराच्या इन्शुअर्ड रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३ लाख डॉलरच्या घराला ३० हजार खिशातून, हिशोब करा.

आमच्या पहिल्या घराच्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग पडली तेव्हा आमच्याकडे नुसतं बेसिकच होतं, एजंटने वेगळ्या कव्हरबद्दल तोंडही उघडलं नव्हतं आणि मीही पॉलिसी वाचली नव्हती. स्वतःच्या पैशाने रडार लावून जमीन तपासून घेतली, निघाली चिकणमाती आकसल्याची भेग. सुटलो, पण ते तीन आठवडे विचारू नका.

म्हणून पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. घर आवडलं तर आधी सिंकहोलचा क्लेम झाला होता का ते विचारा, पैसे मिळाले असतील तर ते आणि ते सगळे दुरुस्तीला लावले का हे विकणाऱ्याला कायद्यानेच सांगावं लागतं. ग्राउटिंग करून, म्हणजे जमिनीत सिमेंटचं मिश्रण भरून, नीट दुरुस्त केलेलं घर वाईटच असतं असं नाही, इंजिनियरचा रिपोर्ट मात्र हातात घ्या, आणि इन्शुरन्सचं कोटेशन ऑफर द्यायच्या आधी काढा, क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आठवड्यात नको.

नवीन भेगा, अंगणात गोल आकारात सुकलेलं गवत, एका बाजूला कललेला कुंपणाचा खांब ह्यावर लक्ष ठेवा. ऑगस्टमध्ये नुसतं दार अडकायला लागलं तर मात्र लगेच घाबरू नका, दमटपणाने लाकूड फुगतं. माझी आई कोकणातली, तिने फोनवर ऐकल्या ऐकल्या सांगितलं होतं, आम्ही तरी इंजिनियर बोलावलाच.