गुडघे, ऑक्टोबर हीट आणि चकल्या

प्रश्न: वय ६४. दादरला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. घसरायच्या भीतीने पावसाळाभर घरातच होते. आता फिरायला निघावं तर ऊन सोसवत नाही. त्यात दिवाळी तोंडावर. काय करू?

उत्तर: काकू, माझी आईही अशीच चार महिने सोफ्यावर बसली आणि गणपतीत आरतीला उभं राहताना रडकुंडीला आली. फिजिओथेरपिस्टची आई, बोला! सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने आतलं वंगण फिरतं, तेव्हाच तिचं पोषण होतं. म्हणून बसून राहू नका.

सकाळी साडेसहाला शिवाजी पार्क गाठा. अख्खी फेरी नको, १० मिनिटं चाला आणि कट्ट्यावर टेका. दुखणं दोन तासांनंतरही तसंच राहिलं, तर उद्या थोडं कमी चाला. दुपारी खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. कठडा धरा, लाजू नका.

आणि चकल्या? जमिनीवर पाटावर बसून अजिबात नाही. सोऱ्या डायनिंग टेबलावर घ्या. माळ्यावरचे डबे सुनेला नाहीतर मुलाला काढू द्या.

गुडघा सुजून गरम लागला, तर मात्र व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.