वडिलांच्या अँजिओप्लास्टीनंतर घरातलं सगळं तेल बदलून ऑलिव्ह तेल आणावं का? त्याने हृदयाला खरंच फायदा होतो का?

फायदा होतो, पण बाटलीवर नुसतं ‘ऑलिव्ह’ लिहिलंय म्हणून नाही. आमच्या घरीही वडिलांच्या अँजिओप्लास्टीनंतर हाच प्रश्न होता आणि पहिली बाटली आणली ती नेमकी पोमेसची, म्हणजे चोथ्यातून काढलेल्या तेलाची.

पुढे कामानिमित्त स्पेनमधल्या हाएनला गेलो, तिथे एका घाण्यावर ताजं तेल चाखलं. पेला निळ्या काचेचा, म्हणजे तेलाचा रंग पाहून मत बनू नये. तळहातात धरून कोमट करायचं आणि हवेसकट सुर्रकन ओढायचं. आधी ओल्या गवताचा वास, मग जिभेवर कडवटपणा, आणि गिळल्यावर असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तेल खराब आहे. घाण्यावरच्या बाई म्हणाल्या, चांगल्या तेलाची खूणच ती.

हा ठसका तेलातल्या ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाचा. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध सूज-वेदनेमागच्या ज्या एन्झाइमना अडवतं त्यांनाच ते अडवतं, हे 2005 साली प्रयोगशाळेत दिसलं. कडवटपणा ओल्युरोपीन आणि त्याच्या भाऊबंदांचा. त्यातूनच हायड्रॉक्सीटायरोसॉल मिळतं. वनस्पतींतल्या अशा घटकांना पॉलिफेनॉल म्हणतात. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथे थर साचू लागतो. ही पॉलिफेनॉल त्या ऑक्सिडीकरणाला आवर घालतात.

युरोपात 200 निरोगी पुरुषांना तीन प्रकारचं ऑलिव्ह तेल रोज 25 मिली, प्रत्येकी तीन आठवडे दिलं गेलं. फरक मुख्यतः पॉलिफेनॉलच्या प्रमाणात होता. जितकी पॉलिफेनॉल जास्त, तितकं ऑक्सिडीकृत एलडीएल कमी, असं 2006 साली प्रसिद्ध झालं. मला हा प्रयोग सगळ्यात पटतो, कारण ऑलिव्ह तिन्हींत होतंच. युरोपीय संघाच्या नियमानुसारही 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याचे सोबती मिळून किमान 5 मिलिग्रॅम असतील, तरच पॉलिफेनॉल रक्तातल्या चरबीला ऑक्सिडीकरणापासून जपतात, असा दावा बाटलीवर करता येतो.

रिफाइंड, ‘लाइट’ आणि पोमेस तेलांत यातलं फारसं काही उरत नाही. पोमेस म्हणजे उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून रिफाइंड केलेलं तेल. त्यात ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलातलं मुख्य मेदाम्ल असतं, पण ते आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असतं. म्हणून तळणासाठी महाग ऑलिव्ह तेल आणू नका.

स्पेनमधल्या सुमारे 7,400 लोकांच्या प्रेडिमेड अभ्यासात एक्स्ट्रा व्हर्जिन (रसायन न वापरता, रिफाइंड न करता काढलेलं) तेल आणि भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघाताचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी दिसलं. पण तुलना कमी चरबीच्या आहाराशी होती, शेंगदाणा तेलाशी नव्हे. शिवाय भाज्या, डाळी, मासे हेही त्या आहारात होतेच.

आमच्याकडे आता फोडणी शेंगदाणा तेलाचीच असते, पण मोजून. एक्स्ट्रा व्हर्जिनची गडद काचेची छोटी बाटली आणतो आणि काकडीच्या कोशिंबिरीवर किंवा वरणावर वरून दोन चमचे घालतो. 25 मिलीत दोनशेच्या वर कॅलरी येतात, तेव्हा तेवढं दुसरं तेल कमी करा. वडिलांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका.