सक्तीने दाखल केले तर खर्च कोणाचा?

प्रश्न : माझा भाचा ब्राऊन शुगरच्या ओव्हरडोसने बेशुद्ध पडला होता, ओठ निळे पडले होते. नालोक्सोनच्या इंजेक्शनने तो वाचला. त्याला तीन महिने सक्तीने ठेवावे, खर्च सरकारने करावा, असे मला वाटते. – एक मामा, नागपूर

उत्तर : तुमची घालमेल मी समजू शकतो, परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कलम ८९ खाली संमतीशिवाय दाखल करण्याची पहिली मुदत ३० दिवसांचीच असून, त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एका मानसोपचारतज्ज्ञाने, स्वतंत्र तपासणी करावी लागते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास सरकारी उपचार मोफत मिळतात, म्हणजे खाट, जेवण आणि तिन्ही पाळ्यांचे कर्मचारी यांचा भार जनतेच्या पैशावर पडतो. हा खर्च माणूस वाचत असेल तर मला मुळीच जड वाटत नाही.

अडचण नंतरची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायालय ९० दिवसांपर्यंत सक्तीने ठेवू शकते. पण मुक्काम कितीही असो, नशा बंद असताना शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर येऊन जुन्याच मात्रेत घेतलेली नशा जीव घेऊ शकते. ब्युप्रेनॉर्फिनसारखे, नशेची ओढ शमवणारे औषध नियमित सुरू राहिले, तर तो धोका बराच कमी होतो. म्हणून भाच्याला घरी आणण्यापूर्वीच प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात या औषधाची चौकशी करा, आणि त्याला सोबत घेऊन जा.